मासळीच्या बर्फातलं आतडं

मी एम.फार्म. करत होतो तवाची गोष्ट. गोळीतलं औषध आतड्यातून किती आत शिरते, हे पाहाले आम्ही बकऱ्याचं आतडं वापरत होतो. आतडं उलटं करून त्याची पिशवी बांधायची अन् औषधाच्या पाण्यात सोडायची. पण आतडं ताजं अन् थंड पाहिजे, नाई तर प्रयोग बेकार.

मे महिना, चंद्रपूरचं ऊन. खाटकाकडून आतडं बरणीत घेतलं, बरणी बर्फाच्या डब्यात ठेवली अन् शेअर ऑटोत बसलो. समोर रेल्वे फाटक बंद, कोळशाची मालगाडी मधातच उभी. बर्फाचं पाणी होऊन गेलं. बाजूले एक मासळीवाली बाई बसली होती, तिच्या टोपल्यात बर्फ होता.

"बाई, थोडा बर्फ द्या ना. आतडं खराब होऊन राह्यलं."

तिनं घाबरून माह्या पोटाकडे पाह्यलं. "मंग दवाखान्यात जा ना, भाऊ! बर्फानं काय होते?"

मी बरणी दाखवली, सगळं समजावलं. तिनं दोन्ही हातांनी डब्यात बर्फ भरला अन् म्हणाली, "बकरं तं मेलं. आता त्याले औषध देऊन का फायदा?"

"बकऱ्याले नाई बाई, माणसाले गोळी कशी लागू होईन ते समजते."

"मंग घे अजून," म्हणून तिनं उरलेलाही बर्फ ओतला.

प्रयोग झाला, आकडेही चांगले आले. फक्त सरांनी डब्यात डोकावून नाक दाबलं.

"का रे, हे बकरं वैनगंगेत पोहत होतं का?"