लाल अंड्यांची तपासणी

ईस्टरच्या रविवारी सकाळी सहा वाजता अक्कलकुव्याकडच्या एका पाड्यावर आंब्याखाली लाल अंडी सापडली. चर्चच्या पोरांनी शोधावीत म्हणून मार्थाबाईंनी ती कांद्याच्या सालांत उकळून, रंगवून लपवली होती. शेजाऱ्यांना मात्र ती करणी वाटली. कोणीतरी फोन केला आणि पोलीस आले. मी सणाची बातमी करायला पोचलो, तेव्हा अंडी एका टोपलीत गोळा झाली होती आणि जमादार बाईंना जीपमध्ये बसवायच्या तयारीत होते.

माझं डोकं फिरलं. "अहो जमादार, माणसाला उचलण्याआधी अर्थ तर विचारा. अंडं म्हणजे येशूचं थडगं. लाल रंग म्हणजे त्याचं रक्त."

गर्दी मागे सरकली.

"आयका," जमादार म्हणाले. "थडगं नि रगत. आते तर पत्रकारच सांगी ऱ्हायना."

मार्थाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही आता काही समजावू नका."

त्यांनी टोपलीतलं एक अंडं जीपच्या बॉनेटवर फोडलं, सोललं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. मग दुसरं जमादारांपुढे धरलं. "करणीनं अंडं कोनी खाई का, दादा? ल्या, खाई पहा."

गर्दीत एक म्हातारी हसली, मग सगळेच हसले. जमादारांनी जीपचं दार लावलं, बाई खालीच राहिल्या, आणि माझ्या जिवात जीव आला.

टोपली मात्र जमादारांनी तपासणीसाठी म्हणून नेली. दुपारी ती परत आली, तेव्हा आत नुसती टरफलं होती. तपासणी कोणी केली, हे मी चौकीत अजून विचारतोय.