एक नंबरचा बिल्ला

हॅलो?… हो ताई, बोल… नाही, ऑफिसात नाही. दवाखान्यात आहे, आपल्याच… नाही गं, मला काय धाड भरलीय. ठणठणीत आहे मी.

सकाळी आठपासून मास्क लावून बाकावर बसलेय, रांगेत… आरोग्य अधिकारी असले म्हणून काय झालं? नंबराचे बिल्ले मीच सुरू केले ना. म्हटलं, बघू तरी… अगं ऐक ना. शिसारी आलीय मला.

शेजारी एक बाई बसलीय. खाणीकडच्या वस्तीतून दोन तास चालत आलीय, कडेवर तापाने फणफणलेलं बाळ. खिडकीतला कारकून तिला म्हणतो, तीस बिल्ले संपले, उद्या या… कालही हेच म्हणाला. परवाही… आणि मी मोजत होते ना. वाटले पंचवीस.

पाच कुठे गेले? मास्क काढला आणि त्याला खण उघडायला लावला. रबर लावून ठेवलेले, वर चिठ्ठी, ‘मॅडमच्या घरचे’…

मॅडम म्हणजे मी, ताई.

काय?… तू त्या कारकुनाला एकदाच सांगितलं होतंस? मग आई दर गुरुवारी पहिल्या नंबरावर आत जाते ती कशी?… हो, हो, नुसतं बीपी तपासायचं असतं… बाकीचे चार? त्याच्या ओळखीपाळखीच्यांना. माझ्या नावावर.

नाही, आज नाही. एक नंबर त्या बाईला दिलाय मी. आईला आण, पण बसायचं रांगेत… गुडघे दुखतात, माहितेय मला. बाक आहे ना. डाव्या कडेला बसवू नकोस, खिळा वर आलाय. मला टोचलाय.

तिच्याकडे दे फोन…

आई… हो, जेवेन… नाही, तुझ्यावर कशाला चिडू… काय?… नाही गं, मी नव्हतं सांगितलं त्यांना. तुला वाटलं, मीच…

आई, मी तुला दर गुरुवारी विचारायचे, आठवतं? किती वेळ बसावं लागलं? तू म्हणायचीस, छे, गेले न् आले. आणि मी प्रत्येक बैठकीत तेच छाती फुगवून सांगत आले, आमच्याकडे कुणाला ताटकळावं लागत नाही म्हणून…

ठेवते. बाळाला आत बोलावलंय.