पंचावन्न मिनिटं आणि एक पायरी

पंचावन्न मिनिटं म्हणे! अहो, पंचावन्न मिनिटांत आमच्या घरी बाथरूम रिकामं होत नाही, आणि हा माणूस, आमचा साडू हो, जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेला, मोबाईल माझ्या नाकाला लावून सांगतो, "विमानतळ ते विमानतळ चारशे बारा किलोमीटर! पंचावन्न मिनिटं! बसमध्ये साडेसहा तास कशाला हाडं खिळखिळी करता?" अहो शहाणे, पण विमानतळावर राहतं कोण? मी राहतो?

तुम्हाला सांगतो, मला दादाला गाठायचं होतं. दादा त्या संध्याकाळी मुलाकडे परदेशी चाललेला, कायमचा! आणि सहा वर्षं आमचं बोलणं नाही. कशावरून? शिडीवरून! तेव्हा तो शेजारीच राहायचा, त्याची लाकडी शिडी मी आणली, परत केली, तर म्हणतो, "वरची तिसरी पायरी मोडलीस." मी म्हणतो नाही, तो म्हणतो हो... बायका समजावून थकल्या. शेवटी म्हटलं, मरू दे, धाकटा आहे मी, मागतो माफी! सुताराकडून नवीकोरी पायरी करून घेतली आणि निघालो. दादा दोन वाजता आत जाणार, आपण त्याच विमानतळावर साडेअकराला उतरणार. पंचावन्न मिनिटं!

सकाळी सहाला घर सोडलं. दीड तास टॅक्सी, कारण विमानतळ गावाबाहेर, म्हणजे इतका बाहेर की अर्ध्या वाटेत मला वाटलं हा टॅक्सीनंच पोचवतोय! मग रांग. पट्टा काढा, बूट काढा... आणि तपासणीवाली बाई, चेहरा असा की मी तिचाच डबा चोरलाय.

"हे काय आहे?"

"पायरी."

"कशाची?"

"शिडीची."

"शिडी कुठाय?"

"भावाकडे."

"भाऊ कुठाय?"

"चाललाय हो! म्हणून तर..."

पायरी गेली सामानात. साडेदहाचं विमान. दारं लागली, पट्टे बांधले आणि... बसलो! दीड तास! जमिनीवर! मधूनमधून वैमानिक गोड आवाजात, "थोडाच वेळ." बाराला उडालं, बारा पंचावन्नला उतरलं. बरोब्बर पंचावन्न मिनिटं! मेल्या साडूचा हिशोब चुकला नाही, हेच तर दुखणं!

मग पायरीची वाट. चाळीस मिनिटं तो पट्टा फिरतोय, लोकांच्या बॅगा येतायत आणि माझी एक पायरी येत नाही! शेवटी आली, एकटीच, दिमाखात. तिथून दादाचं टर्मिनल दुसऱ्या टोकाला. पोचलो सव्वादोनला.

दादा आत. मी बाहेर. मधे काच!

मी पायरी उंच धरून नाचवतोय, लोक लेकरांना जवळ ओढतायत. दादानं पाहिलं. काचेजवळ आला. केवढा म्हातारा झालाय हो... फोन वाजला. सहा वर्षांनी त्याचा आवाज! मी म्हटलं, "दादा, चुकलं माझं."

तर तो खाली बघून म्हणतो, "अरे, ती पायरी... तू न्यायच्या आधीच मोडलेली होती. माझ्याच वजनानं. सांगायची लाज वाटली."

लाज वाटली! सहा वर्षं! शिव्या घालायला तोंड उघडलं, तर त्याचे डोळे भरलेले, आणि मागून कुणीतरी त्याला पुढे सरकायला सांगतंय... हात केला आणि गेला.

तेवढ्यात पुन्हा फोन. साडू! "पोचलात ना? बघा, म्हटलं नव्हतं? परतीचं काढू का? येताना वारा पाठीशी असतो, पन्नासच मिनिटं!"

म्हटलं, "काढा. आणि सामानात एक पायरी आहे म्हणून आधीच लिहा."