मोठी भरती येत आहे

...आणि वर मलाच म्हणतात, शब्द तू दिलास. मी? मी कुठला शब्द देणार हो, मी समुद्राबद्दल बोलत होतो.

तुम्हाला सांगतो, हॉलंडला पाच वर्षं पाणी शिकून आलो. हसू नका, पाणीच शिकतात तिथं. देशच समुद्राच्या खाली, त्यामुळं समुद्राला कसं वागवायचं हे त्यांच्याकडून शिकावं. पनवेलला परत आलो तर कळलं, खाडीकाठचं खाजण घेऊन त्यावर मातीचा भराव टाकून गोदामं बांधायची ठरतायत. ठरवणारे कोण, तर आमचे कमळाकरमामा, कळंबोलीत लोखंडाचा धंदा, खाडीकाठ व्यापारी मंडळाचे सेक्रेटरी. आता खाजण म्हणजे उधाणाचं पाणी पसरायची जागा. ती बुजवली तर पाणी जाईल कुठं? आपल्या घरातच ना? एकच गोष्ट आड येत होती, जमीनवाले गावकरी विकायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, आमच्या पोरांना कामाला घेणार असाल तर बोला. मंडळ म्हणे, ते जमणार नाही. म्हणजे खाजण अजून वाचलेलं होतं. मला वाटलं, एक व्याख्यान देऊ, व्यापाऱ्यांचं मन वळवू, की मिटलं.

मामा म्हणाले, "दे की. अमावास्येला ये. मार्केट बंद असतं, सगळे मोकळे असतात. हॉलबाहेर फळा लाव म्हणजे चार माणसं जास्त येतील."

मी फळा रंगवून घेतला. 'मोठी भरती येत आहे. परदेशातून आलेले तज्ज्ञ माहिती देतील.' मला वाटलं, किती नेमकं आणि थोडक्यात. मी समुद्राबद्दल बोलत होतो ना.

हॉल लग्नाचा. खाडीला लागून. मागं वधूवरांचा लाल मखमली सोफा, पुढं मी. स्लाइड दिसाव्यात म्हणून पडदे ओढलेले, त्यामुळं भर बाराला आत तिन्हीसांज. पुढच्या रांगांत मंडळाचे सभासद, पांढरे सफारी, आणि मागं... मागं गर्दी. खुर्च्या रिकाम्या असून उभी राहिलेली, गप्प. एकही खोकत नव्हता. मी जी स्लाइड लावीन तिचा निळा उजेड त्या चेहऱ्यांवर पडायचा, आणि ते असे बघायचे माझ्याकडं, असे, की वाटावं आपण आता यांचं काहीतरी देणं लागतो.

मी रंगात आलो. वातावरण तापतंय, बर्फ वितळतोय, समुद्राची पातळी चढतेय, आणि तेवढ्यात मला वास आला. चिखलाचा. खाली बघतो तर मोरीतून पाणी आत येतंय. आवाज नाही, लाट नाही, नुसतं सरकतंय, जसं घरचं मांजर येतं. अमावास्येचं उधाण, बाराची वेळ, यायचंच ते. पण पहिल्या रांगेनं काय करावं? पाय उचलले. सगळ्यांनी एकदम, आपापल्या खुर्चीच्या दांडीवर ठेवले, नजर माझ्यावरून न हलवता. मग दुसऱ्या रांगेनं. मग तिसऱ्या. मी म्हटलं, अहो, पाणी आलं. तर ताहेरभाई, लाकडाच्या वखारीवाले, माणूस सज्जन, म्हणतात, "बेटा, तुम बोलते रहो. हे एक वाजता जातं."

मी सांगतोय पन्नास वर्षांनी समुद्र येईल, आणि समुद्र माझ्या बुटात.

मागचे तसेच उभे. घोटाभर पाण्यात. त्यांची प्रतिबिंबं उलटी लोंबत होती, आणि तुम्हाला सांगतो, मला क्षणभर कळेना की उभी माणसं खरी की खालची.

मग प्रश्न सुरू झाले. मागून अंधारातून आवाज आला, "भरती कदी हाय?"

म्हटलं, सुरूसुद्धा झालीय. तुम्हाला जाणवत नाही एवढंच.

कुजबुज पसरली. "घरटी येक, का सगले?"

काय प्रश्न हो. हॉलंडमध्ये कोणी इतकं थेट विचारलं नव्हतं. म्हटलं, सगळे. एकाही घराला सोडणार नाही.

"शिकलेल्यांनाच घेनार का?"

म्हटलं, छे. शिकलेला, अडाणी, गरीब, श्रीमंत, समोर येईल त्याला घेणार.

"आनि वशिला?"

इथं मी पेटलोच. टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, कोणाचा वशिला चालणार नाही, या पुढच्या रांगेतल्यांचासुद्धा नाही.

टाळ्या, टाळ्या. पाण्यात उभं राहून टाळ्या वाजवत होती माणसं. मी मामांकडं बघितलं. मामा मान खाली घालून चहाची बशी निरखत होते. मला वाटलं, लाजले. मन वळलं.

शेवटी एक म्हातारी पुढं आली, पाण्यातून, लुगडं न उचलता. भागी नाव तिचं. "मना पन घेतील?"

म्हटलं, तुम्हालाही, आजी.

"माज्या सुदामला आदीच घेतला," म्हणाली, आणि हसली. एक वाजून गेलेला असावा, कारण पाणी तिच्याबरोबरच बाहेर गेलं.

दुसऱ्या दिवशी मामा पेढे घेऊन घरी. "भाच्या, कमाल केलीस. काल मागं उभी होती ना, ती गव्हाणकडची जमीनवाली मंडळी विकायला तयार झाली. सोमवारी सह्या." मी म्हटलं, कशी काय? तर म्हणतात, "तूच नाही का सांगितलंस, सगळ्यांना घेणार म्हणून. परदेशातला माणूस बोलला म्हटल्यावर लेखी कशाला लागतंय?"

"मामा, मी समुद्राबद्दल बोलत होतो."

"मला कळलं होतं रे," मामा म्हणाले. "पण भर सभेत पाहुण्याला टोकणं बरं दिसतं का?"

तसाच त्यांच्या गावात धावत गेलो, पायातल्या चपला सुटेपर्यंत. पारावर सगळे बसलेले. म्हटलं, लोकहो, घोटाळा झालाय. सह्या करू नका. भरती म्हणजे नोकरीची नव्हे, समुद्राची भरती. आणि हे सगळे हसायला लागले. धर्मराज पाटील, त्यांच्यातले वडीलधारे, डोळे पुसत म्हणाले, "सायेब, समुद्राची भरती दिसाला दोनदा येते. ती शिकाया विमानात बसून कोन जातं? मंडलानं तुमाला दम दिलेला दिसतोय. घाबरू नका, आमी तुमचं नाव नाय सांगनार."

आता बोला. खरं सांगायला गेलो तर मलाच धीर देतायत.

निघताना भागी दिसली, दारात जाळं विणत. विचारलं, आजी, तुमचा सुदाम कुठल्या कंपनीत लागला? ती म्हणाली, "कंपनीत कुठला? होडी घेऊन गेला, आला नाय."

 मागच्या त्या एवढ्या गर्दीत माझं व्याख्यान हिला एकटीला समजलं होतं. मी तिच्यापुढं बसलोच खाली. म्हटलं, मग तुम्ही तरी देऊ नका जमीन.

ती म्हणाली, "तूच बोल्लास ना, सगलं घेनार म्हून? मंग ठेवून काय करू?"

सोमवारी पहिला अंगठा तिचा.

आता रोज कळंबोलीच्या रस्त्यानं लाल मुरमाचे ट्रक जातात खाजणात. कडेला पोरं उभी असतात, धुतलेले शर्ट, भांग पाडलेला, नोकरीची वाट बघत. मला बघून रस्ता देतात, नमस्कार करतात, आणि दबक्या आवाजात विचारतात, "सायेब, भरती कदी?"

पहिल्यांदा समजावायचो. मग भांडायचो. हल्ली मी खाडीकडं बघतो, आणि सांगतो, "येतेय."

खोटं बोलतोय का मी?