लाओसला न गेलेली बॅग

— नाही गं, अंगठा अजिबात नाही दाखवायचा! अंगठा विसर. लाओसमध्ये रस्त्याच्या कडेला लिफ्टसाठी अंगठा दाखवून उभी राहिलीस ना, तर लोकही परत तसाच अंगठा दाखवतात आणि हसत हसत निघून जातात — त्यांना वाटतं, तुझं सगळं छान चाललंय. हात असा पुढे करायचा, तळवा जमिनीकडे, आणि बोटं खालीवर — हां, तान्ह्या मुलाला थोपटतो तसं. बस ना आधी, उभी का? ती खिडकीजवळची खुर्ची घे, तिथे दीड मीटर होतं बरोबर, मी मोजलंय. मास्क काढ, खिडकी उघडीच आहे. आणि संकोच नको, दिवसाला एकच पाहुणा असा नियम आहे ना सध्या, तर आजची पाहुणी तू. दुसरं कुणी यायचं नाहीये. तू आइंडहोव्हनहून सायकलवर आलीस? फेब्रुवारीच्या या वाऱ्यात? बॅगेसाठी? कमाल आहे. जाहिरात टाकली तेव्हा वाटलं होतं, विमानं बंद, दुकानं बंद, सगळंच बंद, आता रक्सॅक घेणारं कोण वेडं भेटतंय — आणि नेमकी मराठी मुलगी, आणि तीही लाओसलाच जाणारी! कीर्ती ना? बॅग बघ सावकाश, ती कुठे पळत नाही. कधी जाणार तुम्ही? — उघडलं की. हो, सगळेच उघडलं की जाणार आहेत.

मग आता आलीच आहेस तर लिहून घे. फोनवर घे, चालेल. गावात उभं राहायचं नाही, गाव संपतं तिथपर्यंत चालत जायचं, कंटाळा आला तरी जायचं. वळणावर थांबायचं नाही, गाडीला कडेला घ्यायला जागा हवी, आणि आपल्याला सावली हवी, दोन-दोन तास जातात कधी. गेस्टहाउसच्या मालकिणीकडून पुढच्या गावाचं नाव त्यांच्या लिपीत कागदावर लिहून घ्यायचं, आणि खाली ‘बस नको’ हेही लिहून घ्यायचं — नाहीतर काय होतं, लोक इतके भले, त्यांना वाटतं बिचारीची बस चुकली, ते उचलतात आणि थेट बसस्टँडवर नेऊन सोडतात! वर तिकीट काढून द्यायला निघतात. मग कर परत पायपीट उलटी. पिकअपच्या मागे हौद्यात बसायचं, बॅग मांडीवर घ्यायची, आणि मोठा पंचा जवळ ठेवायचा — पंचासारखी वस्तू नाही, धुळीला ओढणी, रात्री चादर, नदीवर आंघोळीला आडोसा. गाडीत भिख्खू असला तर आपण बायकांनी त्याच्याशेजारी बसायचं नाही, हातात काही द्यायचंही नाही. जेवण सकाळच्या बाजारात, तिथे ताजं आणि स्वस्त, चिकट भात पानात बांधून घ्यायचा म्हणजे दुपारची सोय झाली. पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या नाहीत, गेस्टहाउसमधल्या मोठ्या जारमधनं भरून घ्यायचं — तो आवाज ना? वॉशिंग मशीन आहे. जुनं झालंय, घुरघुरतं सारखं. चालू दे ते. चहा टाकते.

आणि एक गोष्ट मात्र अधोरेखित करून ठेव, मराठी माणसांसाठी खास. ‘नको’ म्हणायचं नाही. हसू नकोस! यतीन म्हणून एक मुलगा होता, आपलाच, साताऱ्याचा, इथे मास्टर्सला आला होता. तो चार दिवस निशीबरोबर फिरला. एका ट्रकवाल्यानं दुपारी गाडी थांबवली, डबा उघडला, भात, भाजलेला मासा, तिखट चटणी, आणि यांच्यापुढे सरकवलं. यतीननं काय करावं? हात जोडले आणि ‘नको नको’ — आपल्याला घरूनच तसं वळण असतं ना, पहिल्यांदा नको म्हणायचं, समोरचा आग्रह करतो, मग थोडंसं म्हणून पोटभर जेवायचं. तो ट्रकवाला म्हणाला, बरं. डबा आपल्याकडे ओढला, आणि तो आणि निशी जेवले दोघं चाटूनपुसून. यतीन संध्याकाळपर्यंत उपाशी. नंतर म्हणे, मला वाटलं तो परत विचारेल! निशी हे सांगताना इतकी हसत होती, मला निम्मं कळलंच नाही.

— निशी? निशी म्हणजे निशिगंधा. माझी मुलगी. अगं नाही, मी कुठली जातेय! तुला काय वाटलं, या वयात मी पिकअपमध्ये बसून आले? मी लाओस पाहिलेलंच नाही कीर्ती. हे सगळं तिचे व्हॉइस मेसेज ऐकून ऐकून वहीत उतरवलंय, ही बघ वही. ती डचमध्ये बोलते, मी मराठीत लिहिते. जन्म इथलाच तिचा, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं डचमध्ये उत्तर द्यायचं, असंच वाढली. गेल्या वर्षी जानेवारीत गेली, तीन महिन्यांसाठी, आणि मार्चमध्ये जग बंद झालं. थाखेक म्हणून गाव आहे नदीकाठी, तिथल्या गेस्टहाउसवाल्यांनी ठेवून घेतलं. त्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवते, स्वयंपाकघरात मदत करते, आजूबाजूला असाच हात दाखवून फिरते. आता तेरा महिने झाले. सुखात आहे गं, खरंच सुखात आहे, आवाजावरनं कळतं. एकदा देश सोडला तर परत आत घेणार नाहीत तिला, सीमा बंदच आहे. सगळं तिथलं टाकून यावं लागेल.

बॅग तिची नाही. नवीन आहे बघ, पट्ट्यांवरचं प्लॅस्टिकही पूर्ण निघालेलं नाही. मनोहरची — माझ्या नवऱ्याची. तीस वर्षं चिप बनवायच्या मशीनमागे घालवली त्यानं, फिरायला म्हणून गेलो तरी हॉटेलच्या लॉबीतनं मीटिंग घ्यायचा. आणि निशीचे मेसेज ऐकून एक दिवस जेवताना म्हणाला, सुनीती, आपण पण जाऊ. उघडलं की जाऊ. हात दाखवून. मी म्हटलं, कुणाला, डॉक्टरला? पण त्यानं ऑर्डर केली बॅग. आणि तिच्यात दहा किलो तांदूळ भरून रोज संध्याकाळी कालव्याच्या काठानं चालायला लागला, प्रॅक्टिस म्हणून! शेजारचे डच लोक विचारायचे, मनोहर, कुठे निघालास? तर हा म्हणायचा, लाओस. एक्सेल केलं होतं, थांबायच्या जागा, अंतरं, सावली आहे की नाही त्याचा वेगळा कॉलम. मी इतकी हसायचे. पण खरं सांगू, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस माझ्याबरोबर कुठेतरी येतोय. एरवी मी त्याच्याबरोबर आले होते. डिपेंडंट व्हिसावर. कागदावर तसंच लिहिलेलं असायचं.

— काय? हो, घरीच आहे. पुढच्या खोलीत. नाही, मीटिंगमध्ये नाहीये.

ते वॉशिंग मशीन नाहीये कीर्ती. ऑक्सिजनचं आहे. घाबरू नकोस, आता त्याच्याकडनं काही लागण-बिगण होत नाही, ते नोव्हेंबरमध्ये झालं. कोरोना गेला, फुप्फुसं घेऊन गेला. पाच आठवडे हॉस्पिटल, मग घरी, जिना चढवेना म्हणून पलंग खाली आणला. नर्स येते सकाळ-संध्याकाळ, तिला पाहुण्यांत धरत नाहीत. बॅग हॉलमध्ये खुंटीला होती, त्याच्या डोळ्यांसमोर. तोच म्हणाला, विकून टाक ती. म्हणून जाहिरात. — अगं, तू कशाला सॉरी म्हणतेस? तुझं काय चुकलं? चहा घे, गार होतोय.

निशीला? निशीला सांगितलंय ना. म्हणजे — थोडा कोरोना झाला होता, आता बरा आहे, अशक्तपणा आहे, एवढं सांगितलंय. आपल्यात असंच असतं ना गं, लांबच्या माणसाला कुणी सांगतं का? माझी आजी गेली तेव्हा मी इथे होते, नववा महिना होता मला, मला तेराव्यानंतर कळवलं. राग आला होता तेव्हा खूप. आणि आता मीच तेच करतेय, आणि काय सफाईनं करतेय! व्हिडिओ कॉल आला की त्याची नाकातली नळी काढते दोन मिनिटं, शर्ट नीट करते, फोन असा जवळ धरते की फक्त चेहरा दिसावा. आता तेही होत नाही तर सांगते, बाबा मीटिंगमध्ये आहेत. आणि ती मानते! जन्मभर बाबा मीटिंगमध्येच होते, तिनं का नाही मानायचं? त्यानं वचन घेतलंय माझ्याकडनं. तिला बोलावू नकोस, म्हणाला, तिचं चांगलं चाललंय, माझ्यापायी मोडू नकोस.

रोज दुपारी मी ही वही घेऊन त्याच्याजवळ बसायचे. आज कुठे जायचं, विचारायचे. तो डोळे मिटून सांगायचा, आज पाक्सेपर्यंत जाऊ. मग मी वाचायचे, कुठे उभं राहायचं, कुठली गाडी येईल, आणि तो मध्येच दुरुस्त करायचा, एवढं अंतर नाही गं, नकाशा बघ. मजा यायची. काल बसले तर म्हणाला, आज राहू दे, दमलो. नुसता आज नाही दमलेला तो. परवा आमची हाऊसआर्त्स येऊन गेली, तीस-पस्तिशीची मुलगी आहे डॉक्टर, इथेच या खुर्चीत बसली आणि सरळ म्हणाली, आता महिने नाहीत, आठवडे आहेत. थोडे. मग विचारलं, तुमची मुलगी कधी येतेय? ही डच माणसं किती सहज विचारतात. मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, काय बघता?

आणि नेमकं रविवारी निशीचाच फोन आला होता. व्हिएन्टियानहून शुक्रवारी एक खास विमान सोडतायत, एम्बसीची मेल आलीय, काही सीट आहेत, झाल इक कोमन? येऊ का मी आई? असं विचारलं तिनं. आपणहून विचारलं! आणि मी म्हटलं, नको गं, कशाला, आमचं काय, आम्ही आहोत दोघं, तू तुझं बघ. मी म्हटलं असं. आणि थांबले. मला वाटलं, आता ती म्हणेल, नाही आई, मी येतेच. आपल्यात म्हणतात ना? दुसऱ्यांदा विचारतात ना? ती म्हणाली, ओके. आणि मुलांचा क्लास आहे म्हणून फोन ठेवला. तिचं काय चुकलं सांग. शाळेत शिकवलं तिला, समोरचा नाही म्हणाला की नाही. इथे सगळ्यांना तेच शिकवतात, आणि चांगलंच आहे ते. मीच कौतुक करायचे, बघा आमच्या मुलीला कसं स्पष्ट कळतं.

— आज. आज तीन वाजेपर्यंत नाव द्यायचंय सीटसाठी. इथले तीन. दीड वाजलाय, हो, मला दिसतंय घड्याळ, सकाळपासून दुसरं काय बघतेय मी? वचन — हो, वचन तर आहेच. पण वचनाचं नाव पुढे करते गं मी. ती आली ना, दारात येऊन उभी राहिली ना बॅग घेऊन, तर त्याला लगेच कळेल, की का बोलावलं. इतका हुशार माणूस, त्याला काय सांगावं लागणारंय? आणि मग मलाही कळेल. आत्ता कसं, ती तिकडे आहे म्हणजे इकडे सगळं बरं आहे, असं चाललंय आमचं. रोज रात्री झोपताना मी तेच म्हणते, निशी आली नाहीये ना अजून, मग अजून वेळ आहे. वेडेपणा आहे. तेरा महिने मी तिची वाट बघतेय, आणि ती येऊ नये म्हणूनही मीच जपतेय. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुला का बोलले कोण जाणे, तू कोण कुठली, बॅग बघायला आलेली.

नाही, तू काही बोलू नकोस. काकू सांगा तिला, असंच म्हणणार ना तू? डोळे तेच म्हणतायत तुझे. रडू नको गं, मास्क लावायचाय ना परत, भिजेल तो. तिकडे साडेसात झालेत, मुलं घरी गेली असतील, ती बाहेर ओट्यावर बसली असेल. ही वेळ तिची मोकळी असते.

ऊठ तू. बॅग घे, वहीही घे, अगं घे म्हणते ना, धरून काय बसलीस? पैशाचं नंतर बघू, नंबर आहे तुझा. बाहेर जाताना पुढच्या खोलीत डोकावू नकोस, तो जागा असला तर हसायला बघतो आणि मग धाप लागते. दार हळू ओढ. नाही, थांबू नकोस सोबतीला, अजिबात नको, हा नको खरा आहे. मला तिला सांगायचंय ते वाक्य आधी एकदा मोठ्यानं म्हणून बघायचंय, या स्वयंपाकघरात, समोर कुणी नसताना. जा बाई. जा आता.