पाट पाठवा म्हणून लिही

मंडळी, दाटीवाटीने का होईना, बसून घ्या. एवढी माणसं बघून मलाच भरून आलंय. मला सभेत बोलायची सवय नाही, त्यात ही अण्णांची शोकसभा. पण अण्णांच्या गणपतीच्या शाळेत बसून रडगाणं गायलं, तर अण्णा वरून मला मेल्या म्हणतील. म्हणून मी आज त्यांची जीत सांगणार आहे.

आपल्याकडची रीत काय? घरचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती घडायची आणि त्याच पाटावरून घरी जायची. मग बाहेरून ट्रक भरभरून प्लास्टरचे तयार गणपती यायला लागले. पाट माळ्यावर गेले. हो, तुमचे आणि माझेच. अण्णा शाळा बंद करायची भाषा करू लागले.

शेजारी माझा एसटीडी बूथ. तिथे मी नुकतंच इंटरनेट घेतलं होतं. अण्णांची मंगल, ही समोर बसलीय, मला म्हणाली, काका, बाबांच्या मूर्तींचे फोटो टाकूया. कनेक्शन सारखं तुटायचं, पण टाकले. आणि मस्कतहून ईमेल आला. मूळचे संगमेश्वरचे गृहस्थ, त्यांना शाडूचा गणपती हवा होता. मी नाचतच अण्णांकडे गेलो. अण्णांनी हातातली माती काही खाली ठेवली नाही. म्हणाले, "पाट पाठवा म्हणून लिही."

मी कपाळाला हात लावला. अण्णा, इंटरनेटवर माणूस फोटो बघतो, पसंत करतो, संपलं. परदेशातून लाकडाचा पाट कोण धाडेल?

"गणपती पाटावर बसतो रे, फोटोवर नाय बसत."

लिहिलं. दातओठ खात लिहिलं. गिऱ्हाईक गेलं असंच मी धरून चाललो.

आणि मंडळी, पाट आला! सतरंजीत गुंडाळून आला. त्या गृहस्थांच्या वडिलांचा पाट. अण्णांनी तो उपरण्याने पुसला आणि मग त्याच उपरण्याने डोळे पुसले. भाताच्या पेंढ्यात बसून गणपती मस्कतला पोचला, बोटसुद्धा दुखावलं नाही. मग त्यांच्या शेजाऱ्यांचे पाट आले. मग दुबईचे, लंडनचे. ज्या अटीने धंदा बुडेल म्हणून मी डोकं आपटत होतो, त्याच अटीने धंदा आला. फोटो काय, सगळेच दाखवत होते. घरचा पाट मागणारा माणूस आपल्या रत्नागिरीतच होता.

आणि मग तुम्ही आलात. मस्कतचा पाट येतो नि आपला माळ्यावर? कसे माना खाली घालून आलात, आठवतंय ना? अण्णा कुणाला टोचून बोलले नाहीत. पाट घेतला आणि चहा सांगितला.

अण्णा गेल्यावर मस्कतहून पुन्हा ईमेल आला. आधी सांत्वन, आणि शेवटी भीत भीत विचारलेलं, यंदा पाट पाठवू का? मी मंगलकडे बघितलं. तिला सगळं येतं, पण मूर्तीचे डोळे आजवर अण्णाच रेखायचे. तिने तो ईमेल पुन्हा एकदा वाचला. मग मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः टाइप केलं, "पाठवा."

सांगा, कोण म्हणतं अण्णांची शाळा बंद झाली?

चला, अण्णांसाठी थोडा वेळ गप्प उभे राहूया. उठताना डोकं सांभाळा, वर यंदाचे पाट टांगलेत.