कायद्याचा साखरपुडा

सगुणा : आन् यांनी वाजंत्र्यांना परत धाडला, भाऊ! उद्या पोरीचा लगीन, वरात कल्याणच्या बाजारातून जायची, आन् वाजंत्री चालले आंबिवलीला!

काळुराम : अगो, चौकीवरचा शिपाई बोलला, नवा पोलीस कायदा आला. रस्त्यावर वाजवायचा तं आदी परवानगी. मना आत टाकला मंजे?

भाऊ : एवढ्यासाठी ठाकुर्लीहून धापा टाकत आलात? अर्जनवीस मी की तो शिपाई? काळुराम, कायदा झालेला नाही. ग्याझिटात नुसता मसुदा आलाय.

काळुराम : छापलाय ना पन?

भाऊ : लोकांना कळावा म्हणून छापलाय. आता हरकती मागवतील. मग कौन्सिलातल्या चार-पाच जणांची कमिटी बसेल, कलमं खाली-वर करील. मग कौन्सिलात पुन्हा वाचतील. एकूण तीनदा.

सगुणा : तीनदा? एकदा वाचून समजत नाय त्यांना?

भाऊ : मग गव्हर्नरसाहेबांची सही. मग कलकत्त्याला लाटसाहेबांची.

सगुणा : अवो, मंजे नुसती मागनी आलीय! अजून साखरपुडा नाय, हलद नाय, आन् तुमी नवरी घरात आल्यावानी घाबरलाव!

भाऊ : बरोबर! आणि कमिटीत सोयरीक मोडतेसुद्धा.

काळुराम : किती दिवस लागतील, भाऊ?

भाऊ : वर्ष तरी.

काळुराम : वर्ष! मंग धाकूच्या पोराचा उरकू, दौलतच्या भैनीचा उरकू, आपल्या धाकटीचा पन...

सगुणा : धाकटी चार वर्सांची हाय! आदी वाजंत्री आना. होडीची वाट बघत नदीच्या तरीवर बसले असतील.

(काळुराम पागोटं सावरत धावत सुटतो.)

भाऊ : अहो, जोडा राहिला त्याचा!

सगुणा : ऱ्हाऊ दे. भाऊ, ती हरकत बाईमानूस देऊ शकतो?

भाऊ : कोणीही देऊ शकतं. अंगठा चालतो. पण कारण लागतं.

सगुणा : मंग लिवा माझी.

भाऊ : कारण काय घालू?

सगुणा : माझ्या लग्नाला गावात पटकीची साथ होती. वाजला नाय काय, गपचूप अक्षता टाकल्या. आठ दिवस शेजारीन सासूला इचारत होती, घरात पाव्हनी कोन आलीय.